बेवारस डिस्क

"आधी विचारा कोणाचं आहे, मग पुसा," असं म्हणत आमचे साहेब चष्मा कपाळावर सरकवायचे. टावर चौकातल्या ऑफिसात मी चहा करतो, झाडू मारतो. साहेब तिथं गिऱ्हाइकांच्या वेबसाइटी सांभाळायचे. त्या चालायच्या कुठल्यातरी दूरच्या कंपनीच्या मशीनांवर, भाड्यानं. जागा ठरलेली. भरली की नवं काही बनत नाही.

मी चौथी शिकलेलो. मला समजेल असं सांगायचे. "काका, हे लोक मशीन उडवतात आणि समजतात जागा सुटली. मशीन जातं, पण त्यातलं सामान ठेवलेली डिस्क तिथंच पडून राहते. जागा खाते."

"मग फेका ना."

"कोणाचं सामान आहे ते बघू तर द्या."

ऑफिसात त्यांना 'धर्मशाळेचा मुनीम' म्हणायचे. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कामाला हळू, रोज बोलणी खाणारा. वरणावर शेव घातल्याशिवाय घास उतरायचा नाही.

श्रावणात एका लॉजची वेबसाइट वाढवायची होती. जागा नाही. आमच्या ऑफिसचा मालक ओरडला, "शाम तक सब बेवारस डिस्क उडा दो."

साहेब एकेक नाव वाचत होते. एका नावावर थांबले. माझ्या बायकोच्या डब्यांच्या धंद्याचं नाव. तिची वेबसाइट आमच्याच ऑफिसानं बनवली होती, त्यात तिचा पुरणपोळी करतानाचा व्हिडिओ. ती गेली, वेबसाइट बंद झाली. व्हिडिओ पण गेला असंच मी धरून होतो. तिचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठे नाही.

"आहे का आत?"

"उघडल्याशिवाय काय सांगू, काका? उघडायला दुसरं मशीन लागतं. त्याला जागा कुठाय?"

 मग त्यांनी स्वतःचं सरावाचं मशीन डिस्कसकट उडवलं. बऱ्या नोकरीच्या परीक्षेसाठी महिनोन्महिने त्यावर खपले होते.

"साहेब, हे काय केलं?"

"माझंच होतं. विचारायचं कोणाला?"

व्हिडिओ निघाला. ती पोळी लाटत होती. वर न बघताच म्हणाली, "अहो, मध्ये येऊ नका, हात भरलेत माझे." साहेब खो खो हसले. मला हसू आलं नाही. त्यांनी तो माझ्या मोबाइलमध्ये टाकला आणि मग डिस्क पुसली.

दिवाळीनंतर मालकानं त्यांना काढलं. हळू आहेत म्हणे. रतलामला भावाकडे गेले असं ऐकलं, फोन लागत नाही. त्यांच्या जागेवरचा माणूस पटापट पुसतो, कोणाला विचारत नाही.

सकाळी ऑफिस उघडून मी व्हिडिओ लावतो. ती रागावते. हसायला साहेब नसतात.