साडूभाऊंचे दोन जावई

माझे साडू, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, यांच्या लेखी जगात देश, राज्य, जिल्हा असलं काही नाहीच. पृथ्वीचे भाग दोनच: जिथे सोय आहे तो आणि जिथे सोय नाही तो. कुणी लग्नाचं आमंत्रण घेऊन आलं की हे मुहूर्त विचारत नसत, मुलगी कुणाची ते विचारत नसत, थेट विचारत, "सोय कशी आहे हो तिथं?" बिचाऱ्या पाहुण्याला वाटे, राहण्याची. तो गाद्या-उशांचं वर्णन करू लागे आणि साडूभाऊ आणखी अस्वस्थ होत. नाटकाला कडेची खुर्ची, देवळात दाराजवळचा खांब. गृहस्थ जन्मभर शाळेत पीटीचे सर. एका शिट्टीत अख्खी शाळा सावधान उभी करणारा हा माणूस, पण स्वतःच्या पोटानं त्यांची शिट्टी कधी ऐकली नाही.

या पोटावर त्यांनी काय काय केलं नाही! ओवा झाला, बेलाचा मुरंबा झाला, त्यांच्या गावी, केडगावात, भेटेल त्याने सांगितलेला काढा झाला. कुणी म्हणालं दूध बाधतं, दूध बंद. कुणी म्हणालं गहू, चपाती बंद. शेवटी ताटात मऊ भात तेवढा उरला. उपाशीपोटी कपावर कप चहा मात्र चालू, कारण त्याच्याविरुद्ध कुणी काही बोललं नव्हतं. अखेर आम्ही त्यांना धरून नगरात पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रक्त तपासलं, दुर्बीण घालून आतडं बघितलं, सगळं नॉर्मल. साडूभाऊ असे भडकले म्हणता! "नॉर्मल? म्हणजे इतकी वर्षं मी सोंग करतोय?"

बाई शांतपणे म्हणाल्या, "आजार खराच आहे, सर. पण आतडं खराब नाही, चिडकं आहे. तुम्ही काळजी केली की ते चिडतं, ते चिडलं की तुमची काळजी वाढते. मुळासकट जाईल असं मी म्हणत नाही, सांभाळता मात्र नक्की येईल." मग वेळच्या वेळी थोडं थोडं जेवण, उपाशीपोटी चहा बंद, सोडलेले पदार्थ एकेक करून परत घेऊन बघणं, रोज चालणं आणि पोटातून सावकाश श्वास, असा सगळा बेत ठरला. साडूभाऊंना ते 'चिडकं' एकदम पटलं. "अहो, म्हणजे हा जावईच की! मान राखला तर गप्प, ताटाला उशीर झाला की रुसला." त्या दिवसापासून पोटाचं नाव पडलं जावईबापू.

जावईबापूंची बडदास्त मग विचारू नका. दूध निर्दोष सुटलं, चपाती सन्मानाने परत आली, कांदा-लसूण तेवढे दोषी ठरले. साडूभाऊंच्या गालांवर मांस दिसू लागलं. पण पीटीच्या माणसाला हळू बोलता येत नाही, आणि तिथेच घोटाळा झाला. एका सकाळी अंगणात उभे राहून ते आम्हाला फोनवर ओरडून सांगत होते, "काल जावईबापूंनी नुसता तमाशा मांडला हो! वाट्टेल ते करा, यांचं समाधान नाही!" कुंपणापलीकडच्या काकूंनी ते ऐकलं. त्यांनी काळजीपोटी थेट पुण्याला साडूभाऊंच्या लेकीला फोन लावला. "पोरी, तुझ्या बापाला लई तरास हाय गं जावयाचा."

लेकीचा फोन आला तो रडतच. "बाबा, त्यांनी तुमचं काय वाईट केलंय?" मग वर्षानुवर्षं साठलेलं सगळं बाहेर पडलं. लग्न तिने आपलं आपण जमवलेलं. त्यानंतर वास्तुशांत झाली, नातीचं बारसं झालं, दर वेळी मावशी आणि आई आल्या. बाबा कधीच नाहीत. कधी म्हणे शाळेची तपासणी, कधी गुडघा. जावई तिला एवढंच म्हणत असे, "तुझ्या बाबांना मी पसंत नाही." साडूभाऊंनी फोन ठेवला आणि लगेच आम्हाला लावला. खरं कारण आम्हा मोठ्यांना माहीत होतं, पण लेकीला सांगायची बंदी होती: पुण्याच्या एसटीत सोय नाही. ते जावयाला कसं सांगायचं, या लाजेत सगळी वर्षं गेली होती. "मी रविवारी पुण्याला जातो," ते म्हणाले. मी म्हणालो, मीही येतो.

एसटीत चढल्याबरोबर त्यांनी कंडक्टरला गाठलं आणि मैदानावरच्या आवाजात सांगितलं, "मला पोटाचा विकार आहे. शिरूरला उतरावं लागेल, गाडी थांबवा." अख्खी गाडी वळून बघू लागली. मला तर तिकिटात तोंड लपवावंसं वाटलं. कंडक्टर म्हणाला, "जा की निवांत, सर. तुमी आल्याबिगर गाडी हालत न्हाई. माज्या बापाचंबी असंच हुतं." झालं! एवढ्याशा वाक्याला हा माणूस जन्मभर घाबरला होता. आणि गंमत बघा, शिरूरला उतरायची वेळच आली नाही. वाघोलीच्या कोंडीत मात्र जावईबापू कुरकुरले. साडूभाऊंनी डोळे मिटले, पोटावर हात ठेवला, सावकाश श्वास घेतला आणि पुटपुटले, "विश्राम!" पोटानं ऐकलं! मी आनंदाने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की पुढचा प्रवासी दचकला.

दार जावयाने उघडलं. साडूभाऊंनी चप्पलसुद्धा न काढता सगळं सांगून टाकलं. "तमाशा करणारा जावई तो इथला," आणि पोटाकडे बोट केलं. "तुम्ही नव्हे. तुमच्याबद्दल माझ्या मनात कधी काही नव्हतं हो." जावई वाकून पाया पडला आणि म्हणाला, "बाबा, सोय डाव्या हाताला आहे." हसून हसून आमची मुरकुंडी वळली.

जेवायला लेकीने कांदा-लसूण न घालता दुधीची भाजी केली होती. वाढता वाढता ती थांबली. "मला वाटायचं, तुम्ही रागावलात. एकदा तरी सांगायचं, बाबा."

"बापानं लेकीला पोटाचं काय सांगायचं?"

"पोटच्या पोरीला नाही तर कुणाला?"

साडूभाऊंनी ताट पुढे केलं आणि आणखी थोडा भात मागितला.