संत्र्यावरची चार बोटं

ज्या चित्रावर मला नागपूरच्या कॉलेजात जागा मिळाली, ते चित्र मी काढलेलं नव्हतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही, ज्या सरांनी मला पेन्सिल धरायला शिकवलं त्यांनाही नाही. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली. डिझाइनमधला जाणकार म्हणून लोक मला बोलावतात. मी जातो, शाल घेतो आणि परतताना गाडीत गप्प बसतो. घरच्यांना वाटतं, याचा स्वभावच अबोल. तसा तो नव्हता. होत गेला.

पण सुरुवात चांगल्या दिवसांपासून करतो. ते दिवस खरंच चांगले होते, आणि मी पुढे जे केलं त्याचा डाग त्यांच्यावर पडू नये.

ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. पांढुर्ण्याला आमच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर रविवारी सकाळी घरी क्लास घ्यायचे. कौलांच्या छपरीत सतरंजी, आम्ही आठ-दहा पोरं-पोरी, आणि आतून येणारा फोडणीचा वास. सरांचा एक नियम होता, तो दुसऱ्या कुठल्या क्लासात मी पाहिला नाही. चित्रावर नाव घालायचं नाही. ना समोर, ना मागे. सगळी चित्रं अंगणातल्या धुणं वाळवायच्या दोरीवर चिमट्यांनी लटकवायची, आणि प्रत्येकानं दुसऱ्याच्या चित्रावर बोलायचं. मग सगळी त्याच दोन पुठ्ठ्यांमध्ये जायची आणि वरून पायजम्याची नाडी बांधली जायची.

"नाव कधी लिहायचं, सर?" एकदा मी विचारलं.

"जेव्हा नाव नसूनबी लोकं ओळखतीन तेव्हा लिहिजो. आता काय घाई हाय? नाव वाचलं का डोळा झोपते माणसाचा."

कधी कधी ते आम्हाला जाम नदीच्या पात्रात दगडांवर बसवायचे आणि पलीकडचं सावरगाव काढायला लावायचे. मी पाणी निळं रंगवलं.

"अबे, हे निळं पाणी कुठं दिसलं तुले?"

"पुस्तकात, सर."

"मंग पुस्तकातच पोहत जाय. इथं काय कामाचं तुह्यं?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त एक मुलगी हसली. ती माझ्या एक वर्ग मागं होती. तिचे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते, मूळचे सौंसरचे, बदलीवर पांढुर्ण्याला आलेले. गावात त्यांना सगळे गुरुजीच म्हणत. मुलीनं चित्रं काढावीत, ही हौस तिच्यापेक्षा त्यांना जास्त होती. रविवारी ते तिला सायकलवर सोडायला यायचे आणि जाताना हळूच दोरीवर नजर टाकायचे. आपल्या पोरीचं चित्र कोणतं, ते त्यांना नेमकं कळायचं. म्हणायचे मात्र, "आम्हाले का समजते त्यातलं!"

होळीच्या आधी सर आम्हाला बसनं सौंसरला घेऊन गेले. सरांच्या साडूची तिथं संत्र्याची बाग होती. तोडा चालू होता. झाडांखाली बाया रांगेत बसून संत्री निवडत होत्या. मोठी एकीकडे, लहान एकीकडे, मग लाकडी पेटीत वाळलं गवत आणि थरावर थर. पेटी ठोकून बंद झाली की एक माणूस त्यावर कापलेला पत्रा ठेवायचा, काळ्या रंगाचा ब्रश फिरवायचा, आणि पेटीवर बैलाचा छाप उमटायचा. तो त्या बागेचा मार्का.

आम्ही वह्या उघडून संत्री काढायला बसलो. सरांनी वह्या मिटायला लावल्या.

"संत्रं तर कोणीबी काढते. तुम्ही मार्का काढा. दिल्लीच्या मंडीत हमालाले वाचता येत नाही. दुरून पेटी पाहून त्याले समजलं पाहिजे का हा माल कोणत्या बागेचा. आणि कागद कापून छाप उमटवून दाखवा. नुसतं काढून चालणार नाही."

हे सोपं वाटतं, सोपं नसतं. छापाच्या कागदात पूर्ण गोल रेघ कापली की मधला भाग सुटून पडतो. त्याला कुठंतरी धरून ठेवणारी पट्टी न कापता राखावी लागते. मला ते माहीत नव्हतं. मी संत्र्याची सुरेख गोल कड कापली, आत फोडी कापल्या, कागद उचलला, तर अख्खं संत्रं खाली मातीत.

"गर सांडला रे तुह्या संत्र्याचा!" ती ओरडली. संत्री निवडणाऱ्या बायाही हसायला लागल्या. एक म्हातारी म्हणाली, "राहू दे बापू, इथं झाडावर लय हायेत."

तिनं मात्र तासभर काहीच कापलं नाही. ती त्या म्हातारीचे हात पाहत बसली होती. मग तिनं जे केलं ते मला अजून डोळ्यांसमोर आहे. तिनं एक भरीव गोल कापला, आणि त्यावरून चार बोटं न कापता सोडली. बस्स. रंग फिरवला तर काळं संत्रं, आणि ते धरून असलेली पांढरी चार बोटं. सगळ्यांच्या कागदात पट्ट्या ठिगळासारख्या दिसत होत्या. तिच्या कागदात पट्ट्या म्हणजेच बोटं होती. एकही रेघ फुकटची नव्हती.

सरांनी तो छाप हातात घेतला, दूर धरून पाहिला. मग साडूंना हाक मारून म्हणाले, "हा पाहा तुमचा मार्का."

साडू म्हणाले, "चांगला हाय पोरी, एक नंबर हाय. पण आमच्या आज्याचा बैल हाय ना पेटीवर. त्याले कसा सोडू?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. मी विचारलं, "तुले हे सुचलं कसं वं?"

"संत्रं एकटं कोणी पाहते का?" ती म्हणाली. "ज्याच्या त्याच्या हातातच पाहतो ना आपण."

गाव येईपर्यंत मला दुसरं काही सुचलं नाही. मत्सर होताच. पण आनंदही होता, हे लिहितो, कारण तेही खरं आहे. आपल्या ओळखीचं कुणी एवढं चांगलं काही करतं आणि आपण शेजारी बसलेलो असतो, याचा आनंद.

त्या उन्हाळ्यात मला नागपूरला कमर्शियल आर्टच्या प्रवेशासाठी जायचं होतं. आम्ही मध्यप्रदेशातले, म्हणजे तिथं बाहेरचे, आणि बाहेरच्यांना जागा अगदी थोड्या. मुलाखतीला बारा चित्रं न्यायची होती. सरांनी पुठ्ठे माझ्यासमोर ठेवले, नाडी सोडली आणि म्हणाले, "तुह्यी तू निवड. मी पाहणार नाही. निवडता येणं हाबी अभ्यासच हाय."

ती त्या रविवारी नव्हती. मावशीच्या लग्नाला रामाकोन्याला गेली होती. माझी अकरा चांगली चित्रं निघाली. बारावं माझं एक होतं, ठीकठाक होतं. मी ते परत ठेवलं आणि चार बोटांचा छाप घेतला, आणि गठ्ठ्याच्या मधोमध सरकवला. त्यावर नाव नव्हतं. एवढंच मी स्वतःला सांगितलं, की नाव तर नाही.

"झाले बारा?" सरांनी आतून विचारलं.

"झाले, सर."

सरांनी वर न पाहता गाठ मारून दिली.

नागपूरला तीन परीक्षक होते. माझी चित्रं ते पत्त्यांतली पानं उलटावीत तशी उलटत होते. त्या छापावर हात थांबला. एकानं तो खिडकीपाशी नेला. "हे कसं सुचलं?"

मी म्हणालो, "संत्रं एकटं कुणी पाहत नाही, सर. हातातच पाहतो आपण."

चित्र घेतलं होतंच. तिचं वाक्यही घेतलं. तेही असं, जणू आत्ताच मनात आलं.

मला जागा मिळाली. कॉलेजनं तो छाप काचेत बसवून खालच्या व्हरांड्यात लावला, आणि खाली टाइप केलेली चिठ्ठी, तिच्यावर माझं नाव.

दिवाळीत घरी आलो तेव्हा ती सरांच्या छपरीत पुठ्ठे उलटेपालटे करत होती. "माही बोटं पाहिली का रे कुठं? सापडूनच नाही राहिली."

"उंदरानं नेली असतीन," मी म्हणालो.

"मुडदा बशिवला त्या उंदराचा," ती म्हणाली आणि हसली. "जाऊ दे, पुन्हा काढतो."

पुढच्या जूनमध्ये सरांचं कार्ड आलं. पोरगी मुलाखतीला येऊन राहिली, तिला कॉलेज दाखव. दोन दिवस मी त्या काचेसमोरून जात-येत होतो. परीक्षकांना सांगता आलं असतं. निदान तिला वाटेत गाठता आलं असतं. मी काहीच केलं नाही. अशा वेळी माणूस आपोआप काहीतरी घडेल म्हणून वाट पाहतो, तशी पाहिली.

सकाळी गुरुजी आधी हॉस्टेलवर आले. धुतलेला सदरा, हातात पिशवी. "तुह्या आईनं चिवडा देल्ला. आणि हे पाह्य, पोरीले सांग जरा, घाबरून राहिली ती." ती घाबरलेली वगैरे काही नव्हती. मी म्हणालो, माझा तास आहे, आणि निघून गेलो.

दुपारी शिपाई मला वर्गातून बोलवायला आला. खोलीत तेच परीक्षक होते. टेबलावर तिनं पुन्हा काढलेला छाप. आधीपेक्षा चांगला. बोटं जराशी तिरपी, त्यामुळे संत्रं जड वाटत होतं. गुरुजींना आत बोलावलेलं होतं. ते दाराशी उभे होते.

"ही तुमच्या गावची?"

"हो, सर."

"म्हणते हे तिचं आहे. खालचं तुझं तिनं पाहिलं होतं का?"

ती म्हणाली, "हे माझं आहे." एकदाच. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. निरोप द्यायला विसरलेल्या माणसाकडे पाहावं, तसं.

मी म्हणालो, "आम्ही एकाच क्लासात होतो, सर. सगळी चित्रं एकत्रच असायची."

यातलं अक्षरही खोटं नाही. म्हणूनच ते वाक्य माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट वाक्य आहे.

परीक्षक गुरुजींकडे वळून म्हणाले, "मुलीचा हात चांगला आहे हो. पण पहिल्याच पायरीवर नक्कल? तुम्ही स्वतः शिक्षक." गुरुजींनी हात जोडले. परीक्षेत पोरांच्या खिशातल्या चिठ्ठ्या काढणारा तो माणूस, हात जोडून "माफी करा साहेब" म्हणाला. तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. दोघं माझ्यासमोरून जिना उतरून गेली. ते पुढं, ती मागं.

त्यानंतर तिचा क्लास बंद झाला. सर विचारायला गेले तर गुरुजी म्हणाले, घरी काम असते. सरांना खरं कधी कळलं नाही. तिनं त्यांना का सांगितलं नाही, हे मला माहीत नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, छिंदवाड्याकडे. पुढं ती एका शाळेत चित्रकला शिकवायला लागली, असं ऐकलं आणि मला बरं वाटलं. बरं वाटण्याचा मला काही हक्क नव्हता, तरी वाटलं.

काही वर्षांपूर्वी सर गेले. तेरवीला पांढुर्ण्याला गेलो. पंगतीत ती वाढत होती. माझ्यासमोर येऊन थांबली. "केस कुठं ठेवून आले जी तुम्ही? नागपूरले?"

आवाज तोच, थट्टा तीच. पण 'तुम्ही' म्हणाली. मी वरण घेतलं आणि मान खाली घातली.

जेवणं झाल्यावर गुरुजी काठी टेकत माझ्याकडे आले. खूप थकले होते. निवृत्तीनंतर सौंसरलाच घर बांधून राहत होते. माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "नाव काढलं बापू तू आपल्या गावाचं. लय दिवसाचं मनात होतं, आज बोलतो. आमच्या पोरीकडून त्या वेळी चूक झाली. लहान होती. तू मनात नको ठेवू."

ती दोन पावलांवर पाण्याचा जग घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं. त्या माणसानं स्वतःच्या मुलीसाठी माझी माफी मागितली, आणि ती काहीही बोलली नाही. मला संधी देत होती की सोडून देत होती, मला सांगता येणार नाही.

मी म्हणालो, "अहो गुरुजी, जाऊ द्या, जुनी गोष्ट झाली."

म्हणजे मी त्यांना माफ केलं. तिथं, तिच्यासमोर.

हे लिहायला मला त्यानंतरही काही वर्षं लागली. लिहिणं सोपं आहे, कागद उलटून काही विचारत नाही. कॉलेजला पाठवायचं पत्र मी लिहून ठेवलंय, पण ते टाकलं म्हणजे मोकळा झालो असं मला म्हणायचं नाही. ज्याला सांगायला हवं तो माणूस कॉलेज नाही.

गुरुजी अजून सौंसरला आहेत. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे हे मोठ्यानं सांगावं लागेल, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. तुमच्या मुलीनं नक्कल केली नव्हती, मी केली होती. एवढं एक वाक्य मी त्यांना देणं लागतो, आणि आज हे लिहीपर्यंत ते मी दिलेलं नाही.