अण्णांच्या खिशातल्या ग्रिपा

आधीच सांगते, असले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी आहे. पांढरी साडी, पिंपळाचं झाड, रस्त्यात लिफ्ट मागणारी बाई... वाचायचं, हसायचं आणि नवऱ्याला वाचून दाखवायचं, एवढाच माझा संबंध. मी शाळेत विज्ञान शिकवते. त्यात आमचं घर बौद्ध. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून अंगारे-धुपारे, उतारे, अंगात येणं, सगळं बंद. माझे वडील, म्हणजे अण्णा, तर भुताचा विषय निघाला की म्हणायचे, "भूत बघायचंय? वल्ल्या हातानं स्टार्टरला हात लाव. लगेच दिसंल!" तेव्हा मी हे लिहिलेलं त्यांना मुळीच आवडलं नसतं. पण लिहिते.

पुणे-नाशिक रोडवर पेठला अण्णांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती बैलगाडीत नाहीतर टेम्पोत घालून आणायचे. अण्णा ती उघडून आतली काळी पडलेली तार काढायचे आणि नवी भरायचे. नव्वदच्या दशकातलं माझं सगळं लहानपण त्या वार्निशच्या वासात गेलं. आई पहाटेच शेतावर जायची, म्हणून माझ्या वेण्या अण्णा घालायचे. तारेचे वेढे घालायची सवय असलेले हात ते! वेणी इतकी घट्ट की माझ्या भुवया शाळा सुटेपर्यंत खाली यायच्या नाहीत. तक्रार केली की म्हणायचे, "सैल वाइंडिंग टिकत न्हाई, बाय."

त्यांची एक खोड सगळ्या पंचक्रोशीला माहीत होती. विहिरीवर कामाला गेले की आधी पेटी उघडायची, त्यातले चिनीमातीचे फ्यूज — आमच्याकडे त्यांना ग्रिपा म्हणतात — तिन्ही काढायचे आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकायचे. मग खाली उतरायचं. लाईट असो नसो, ग्रिपा खिशात म्हणजे खिशात. "बटन कुणीबी दाबंल. माझ्या खिशात कोण हात घालतंय?" हे त्यांचं उत्तर. इथपर्यंत ठीक. पण काम झाल्यावर ग्रिपा परत लावायचं ते हटकून विसरायचे आणि तशाच खुळखुळवत घरी यायचे! मागोमाग शेतकरी दारात. "वयनी, आमच्या ग्रिपा द्या राव, भिजवणं राह्यलंय." मग आई दारामागच्या खिळ्यावरच्या खाकी शर्टात हात घालायची, ग्रिपा काढून द्यायची आणि अण्णांना धारेवर धरायची, "आवो, लोकाच्या वस्तू घरी आणू नका म्हनून किती येळा सांगायचं?" अण्णा गालातल्या गालात हसत चहा प्यायचे.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला अण्णा गेले. दुकानातच, छातीत कळ येऊन. दुकान माझ्या धाकट्या भावानं, संजयनं चालवायला घेतलं. आईला ते नको होतं. संजयच्या हातात कसब होतं, नाही असं नाही, पण डोकं कायम घाईत. "ह्यो न्हाई सांभाळून करायचा," असं आई मला फोनवर सारखी म्हणायची. मी तिची समजूत घालायचे, पण धाकधूक मलाही होतीच.

पुढच्या उन्हाळ्यात सुट्टीला मी पेठला गेले होते. अण्णांचे कपडे कुणा गरजूला द्यायचे असं आईनं एकदाचं मनावर घेतलं. मी सगळे धुतले. दुपारी लाईट जायच्या आत इस्त्री उरकायची म्हणून बसले, कारण तेव्हा लोडशेडिंग किती असायचं ते तुम्हाला आठवतच असेल. खाकी शर्ट सगळ्यात शेवटी घेतला. त्याच्या खिशावरून मी इस्त्री फिरवली. एकदा नाही, दोनदा, कारण तिथं ग्रिपांनी कापड ताणलं गेलं होतं आणि सुरकुती जाईना. हे मी मुद्दाम सांगतेय. खिसा पापडासारखा सपाट होता.

मी शर्ट पिशवीत घालणार तेवढ्यात आई म्हणाली, "येवढा ऱ्हाऊ दे." आणि तिनं तो उचलून दारामागच्या खिळ्यावर लावला. मग आम्ही दोघी तिथंच शेंगा फोडत बसलो. कुणी आलं नाही, कुणी गेलं नाही.

त्याच वेळी संजय अवसरी खुर्दला शांतारामभाऊंच्या विहिरीत होता. भाऊ अण्णांचे जुने गिऱ्हाईक. पाणबुडी मोटारीच्या केबलचा जॉइंट गेला होता, सकाळी मोटार सुरू करायला गेले तर नुसती ट्रिप होत होती. संजय विहिरीतल्या कपारीवर गुडघाभर पाण्यात उभा राहून केबल सोलत होता. ग्रिपा काढल्या नव्हत्या. का, तर शेतीची लाईट गेलेली होती आणि संध्याकाळशिवाय येणार नव्हती. पण भाऊंच्या स्टार्टरला ऑटो लावलेला होता. लाईट आली की माणसाची वाट न बघता मोटार आपोआप चालू करणारा तो डबा. तो चालू आहे याची आठवण ना संजयला होती, ना भाऊंना. भाऊ तर मेंढरांना पाणी दाखवायला लांब गेले होते.

आणि लाईट वेळेआधी आली.

संजयला ते कळलं शेजारच्या विहिरीवरून. तिकडची मोटार घुमायला लागली, पाइपातून पाणी पडल्याचा आवाज आला. त्याच्या दोन्ही हातात उघड्या तारा होत्या. वर बांधावरून भाऊ धावत येत होते, "संज्याऽऽ, सोड! ऑटो चालू हाय!"

काहीच झालं नाही.

वर येऊन दोघांनी पेटी उघडली. लाईट आलेली होती, ऑटो चालू होता आणि ग्रिपांच्या तिन्ही जागा रिकाम्या! भाऊंनी आधी ऑटो बंद केला. मग म्हणाले, "शाना हायेस. बापावानी आधीच काढल्यास."

"म्या न्हाई काढल्या, भाऊ."

"मंग काय मेंढरांनी काढल्या? सकाळी तर व्हत्या."

भाऊंनीच संजयला मोटारसायकलवर मागं बसवून घरी आणलं. आम्ही त्याला पाणी दिलं, काय झालं ते ऐकलं. आईनं त्याचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले आणि सोडलेच नाहीत. भाऊंचा जीव मात्र भिजवायच्या कांद्यात अडकलेला, जॉइंट ते दुसऱ्या कुणाकडून उरकून घेणार होते. "पोरा, भ्यालास म्हनून इसरला असशील. बघ खिशात. ग्रिपा घेतल्याबिगर मी काय जात न्हाई." संजयनं पँटचे खिसे बाहेर काढून दाखवले. हत्यारांची पिशवी पालथी केली. काही नाही.

तेव्हा आई उठली. मला वाटतं तिनं विचार वगैरे काही केला नाही. इतकी वर्षं दारात माणूस येऊन ग्रिपा मागायचा आणि तिचा हात जिथं जायचा, तिथंच तो गेला.

खुळखुळ.

तीन ग्रिपा. एकीवर ऑइलपेंटचा लाल ठिपका. भाऊ म्हणाले, "ह्याच की. ठिपका म्याच दिलाय, बदली व्हत्यात म्हनून." आणि मग कुणाचा शर्ट आहे ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी हळूच डोक्यावरची टोपी काढली.

आई शर्टाकडे वळली. मग अगदी पूर्वीच्याच आवाजात ओरडली, "आवो, लोकाच्या वस्तू घरी आणू नका म्हनून किती येळा सांगायचं!" आणि रडायला लागली. अण्णा गेल्यावर ती तशी रडलीच नव्हती. रडता रडता हसत होती, संजयच्या पाठीवर धपाटे घालत होती. मीही रडले. इतकं हलकं मला त्याआधी किती तरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मी खूप डोकं चालवलंय. संजयनं नकळत काढल्या असतील, तर त्या शर्टात कशा आल्या? घरी आल्यापासून तो दारामागं गेलाच नव्हता. भाऊंनी काढल्या असतील, तर ते आमच्या डोळ्यांसमोर उंबऱ्याजवळच बसले होते. आणि माझी इस्त्री? तिचं काय करू? माझ्याच वर्गात एखाद्या पोरानं हे सांगितलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं.

तो शर्ट दिला नाही, हे सांगायला नकोच. संजय आता ग्रिपा खिशात टाकल्याशिवाय विहिरीत पाय घालत नाही. परवाच त्याच्या बायकोचा फोन आला होता, वैतागलेली. "ताई, तुमी तरी सांगा ओ त्यांना. आज परत दोन माणसं दारात आलीत, आमच्या ग्रिपा द्या म्हनून."

मी म्हटलं, "काही सांगायचं नाही. चहा कर सगळ्यांना."