पुढच्या चाकांवरचं पाणी

विश्रामबागेतल्या त्या गॅरेजात मानसिंगना सगळे फौजीच म्हणत. बावीस वर्षं सैन्यातल्या गाड्या दुरुस्त करून आलेला माणूस. गिऱ्हाईक सांगेल ते सगळं शांतपणे ऐकायचे, पण विश्वास ठेवायचे फक्त स्वतःच्या तळहातावर. त्या तळहातानं त्यांना आजवर कधी फसवलं नव्हतं.

म्हसवडहून आलेला रविराज गाडीतून उतरला तो चार पावलं लांबच उभा राहिला. मागच्या सीटवर त्याची आई हरणाबाई, मांडीवर रिकामी कळशी घेऊन.

"फौजीकाका, ब्रेक दाबला की स्टेअरिंग थरथरतंय. शेवटी शेवटी आण्णांचं हात थरथरायचं, अगदी तसं. मी विकून टाकतो ही गाडी."

आण्णा म्हणजे त्याचे वडील, गुंडा. जाऊन वर्ष झालेलं. गाडी त्यांचीच.

"विकायची न्हाई," गाडीतून हरणाबाईचा आवाज आला. "त्येंचंच हात हायती ते. विकल्यावर कुठं जातील?"

"ऐका! रोज हेच."

मानसिंगनी गाडी मिरजेच्या रस्त्याला काढली. मायलेक मागं बसलेले. साठच्या वेगाला गाडी कशी लोण्यासारखी चालली होती. ब्रेकवर पाय पडला आणि स्टेअरिंग हातात जिवंत झालं. थकलेला म्हातारा चहाचा कप धरतो, तसं.

"व्हय, व्हय, हळूच जातोय आमी," मागून हरणाबाई पुटपुटली. ती मानसिंगशी बोलत नव्हती.

मोकळ्या रस्त्यावर वेग कमी करून त्यांनी हँडब्रेक हलकेच ओढला. फक्त मागची चाकं धरली गेली, पण स्टेअरिंग गप्प. मग दोष पुढच्याच ब्रेकमध्ये! गॅरेजात पुढची चाकं काढून ब्रेकच्या डिस्कला मोजमापाचं घड्याळ लावलं. डिस्क फिरेल तसा काटा उड्या मारू लागला. दोन्हीकडच्या डिस्क वाकलेल्या.

"तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती अशी वाकती. कोण घालतं रं?" मानसिंगनी विचारलं.

"कोण घालंल?" म्हणता म्हणता रविराजची नजर कळशीवर गेली.

"मी घालती," हरणाबाई म्हणाली. "मेंढरांमागं असताना लांबनं घोडं आलं की आमी त्येचं पुढचं पाय आधी धुयाचो. तशी गाडी दारात आली की पुढच्या चाकांवर कळशीभर घालती. ते गेल्यापास्नं. त्येंचंच पाय समजून."

"आये! म्हंजे ही करणी तुझीच व्हय!" रविराज पोट धरून हसला.

दुपारपर्यंत नव्या डिस्क बसल्या. पुन्हा तोच रस्ता, तोच वेग, तोच ब्रेक. स्टेअरिंग एकदम स्थिर.

"आता न्हाई विकत," रविराज म्हणाला.

हरणाबाईनं पुढं वाकून स्टेअरिंगवर हात ठेवला. "पुन्यांदा दाबा." मानसिंगनी दाबला. तिनं हात काढून घेतला. "गेलं," एवढंच म्हणाली.

परतल्यावर ती म्हणाली, "जुनं ते द्या मला, दादा."

जुन्या डिस्क सकाळपासून फरशीवर पडल्या होत्या. मानसिंगनी एक उचलली आणि ती हातातून सुटता सुटता राहिली. त्यांनी तळहात पालथा करून पुन्हा टेकवला. तापानं फणफणलेल्या माणसाच्या कपाळासारखी गरम.

फडक्यात गुंडाळून त्यांनी ती तिच्या हवाली केली. "मावशी, गाडीला पाणी नको. हिला घाला. पण आधी गार होऊ द्या."

"काका, सकाळपास्नं पडलीय की ती!" रविराज पुन्हा हसला.

मानसिंग आपल्या तळहाताकडं बघत होते.

हरणाबाईनं डिस्क मांडीवर घेतली, वरून पदर झाकला. "ते दमल्यात," ती म्हणाली.