सूर्यमाळच्या विहिरीवरचा चीन

ठाण्याहून जव्हारमार्गे नाशिकला जाणारी एसटी सुटली तेव्हा माझ्याजवळ चीनचा एक मोठा गुंडाळलेला नकाशा, दोन सदरे आणि पोटाच्या गोळ्यांची पुडी एवढंच सामान होतं. चीनचं राजकारण आणि परराष्ट्र धोरण हा माझा विषय. तेव्हा वीस वर्षं तो शिकवत होतो आणि चीनला एकदाही गेलो नव्हतो. तीन वर्षं चिनी भाषा शिकलो. आता फार तर चहा मागता येईल. आमचं काम म्हणजे तिकडच्या पुढाऱ्यांचे फोटो बघायचे. गेल्या वर्षी कोण कोणाशेजारी उभा होता, यंदा कोण दोन खुर्च्या सरकला, यावरून कोणाचे दिवस भरले ते ताडायचं. बायको म्हणते, हे लग्नाच्या आल्बमवरून भावकीतली भांडणं ओळखण्यासारखं आहे. तिचं काही खोटं नाही.

ही नव्वदीच्या अखेरची गोष्ट. जव्हार-मोखाडा तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जव्हारच्या एका वाचनालयानं व्याख्यानाला बोलावलं होतं. एप्रिलचं ऊन रणरणत होतं. वाडा गाव मागे पडलं आणि रस्ता चढू लागला. भाताच्या राबासाठी (रोपं तयार करायची जागा) भाजलेले जमिनीचे काळे तुकडे दोन्ही बाजूंना दिसत होते, आणि मोहाखाली बायका वाकून फुलं वेचत होत्या. मी बघत बसलो, बघत बसलो आणि जव्हारला उतरताना नकाशा गाडीतच विसरलो. चीन तसाच पुढे नाशिकला गेला.

मग काय, खडूनं फळ्यावर काढला. फणसासारखा दिसत होता. पण व्याख्यान रंगलं. शेवटी मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्यांनी विचारलं, "सर, तुम्ही किती वर्षं होता तिकडं?"

"एकदाही गेलो नाही."

"म्हणजे आमच्यासारखंच की!" ते खुशीत म्हणाले आणि सभा हसली. मीही हसलो, दुसरं करणार काय?

व्याख्यान संपल्यावर एक पस्तिशीच्या बाई वही घेऊन पुढे आल्या. भोयेबाई. माहेर पोशेऱ्याचं, नोकरी सूर्यमाळच्या जिल्हा परिषद शाळेत. बाहेरून एम.ए.ला बसल्या होत्या आणि चीनच्याच पेपरात अडकल्या होत्या. "उद्या सूर्यमाळला या, सर," त्या म्हणाल्या. "जेवायलाच या. मला काही विचारायचंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोखाड्याला आलो आणि तिथून जीपनं निघालो. नऊ माणसांच्या जीपमध्ये सतरा आणि एक बोकड. बोकडाचा माझ्या सदऱ्यावर फार जीव जडला. खोडाळा येईपर्यंत त्यानं एक बाही बरीचशी संपवली होती. बाईंच्या घरी नागलीची (नाचणीची) भाकर, उडदाची आमटी आणि सुकटीची चटणी असा बेत होता. तीन भाकरी हाणल्या. गोळ्यांची पुडी उघडावीही लागली नाही.

जेवण झाल्यावर बाई मला विहिरीकडे घेऊन गेल्या. विहीर कसली, तळाशी वीतभर गढूळ पाणी. ते झिरपत जमायचं, मग खाली उतरलेली बाई वाटीनं हंडा भरायची. वर हंड्यांच्या दोन रांगा लागल्या होत्या. माणसं सावलीत आणि हंडे उन्हात. कोणी दुसऱ्याच्या हंड्याला हात लावत नव्हतं. एका म्हातारीनं मला निरखून बाईंना विचारलं, "बाय, यो कोण? टँकरवाला साहेब का?" नाही म्हटल्यावर तिनं माझ्याकडे पाठ केली.

"ही रांग वरच्या पाड्याची, ही खालच्या," बाई सांगू लागल्या. "विहीर कोणाच्या हद्दीत, यावरून जुनं भांडण आहे. ते मिटलं नाही. जुन्या लोकांनी ठरवलं, हद्दीचं पुढं बघू, आधी पाणी घ्या. एक हंडा यांचा, एक त्यांचा. सर, चीन शेजाऱ्यांना हेच सांगतो ना? सीमेचं नंतर बघू, आधी व्यापार करू?"

"हो."

"पण हे चालतं कुठवर? दोन्ही रांगा सारख्या आहेत तोवर. वरच्या पाड्यात घरं वाढली, रांग लांबली, की त्यांना हद्द आठवते. म्हणून कोण गोड बोलतो ते बघायचं नाही, रांग कोणाची लांबतेय ते बघायचं. मी पेपरात असंच लिहिलं. वीसपैकी तीन मिळाले."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते उत्तर मी वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, मीच तपासलं होतं! उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, नंबर असतो. भारत-चीन सीमावादाच्या उत्तरात कोणीतरी विहीर आणि हंडे घातले म्हणून मी चहाच्या वेळी ते सहकाऱ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. आम्ही पोट धरधरून हसलो होतो. मग लाल पेननं 'विषयांतर' लिहून तीन गुण टाकले. आणि माझ्या स्वतःच्या चारशे पानी प्रबंधात काय होतं? हेच. फक्त तळटिपा जास्त.

"किती गुणांनी गेलात?" मी कसंबसं विचारलं.

"सहा. ही शेवटची संधी होती, सर. आता नोंदणी रद्द होते, मग सुटलेले पेपरही गेले. मोखाड्याला ज्युनिअर कॉलेजात जागा निघतेय, तिथं आमची पोरं पुढं शिकतील असं वाटलं होतं." पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो, हे त्यांना माहीत होतं. उद्या शेवटचा दिवस होता. "पण नाही भरला. तपासणारे मोठे असतील, विचार करूनच दिले असतील."

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. गुप्तता मोडली तर परीक्षकांच्या यादीतून माझं नाव जाणार, हे एक. आणि खरं कारण वेगळंच: लाज वाटत होती. मी एवढंच म्हणालो, "अर्ज भरायचा. माझ्याबरोबर चला, आत्ताच्या आत्ता."

बाईंनी शेजारणीला निरोप दिला, पिशवी भरली. खोडाळ्याहून कसाऱ्याच्या गाडीत बसलो. प्रत्येक वळणावर ठरवलं, आता सांगतो. विहीगाव आलं, गेलं. बाई खिडकीतून डोंगर बघत होत्या. मी बोकडावर बोललो, उन्हावर बोललो, चिनी चहावर तर अर्धा तास बोललो. इतका भित्रा आहे मी, हे वीस वर्षांत कधी कळलं नव्हतं. मुंबईत बाई त्यांच्या मावसबहिणीकडे उतरल्या आणि सकाळी विद्यापीठाच्या खिडकीवर वेळेच्या आधी हजर होत्या.

कारकुनानं अर्ज पाहिला. "कारणाचा रकाना रिकामा आहे. काय लिहू?"

"गुण कमी वाटतात," बाई हळूच म्हणाल्या.

"ते सगळ्यांनाच वाटतात."

मी खिडकीपाशी वाकलो. "लिहा," मी म्हणालो, "परीक्षकाला उत्तर कळलं नाही."

कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं. "तुम्हाला काय माहीत? कोण होते परीक्षक?"

"मी."

कारकुनानं पेन खाली ठेवलं, मग पुन्हा उचललं आणि अर्ज माझ्याकडे सरकवला. "मग तुम्हीच लिहा. खाली सही करा." मी लिहिलं, पूर्ण नावानिशी सही केली. कित्येक तासांत पहिल्यांदाच धड श्वास घेतला. बाईंकडे बघायचा धीर नव्हता. तरी वळून म्हणालो, "बाई, माफ करा. मी कालच सांगायला हवं होतं."

"मला विहिरीवरच कळलं होतं, सर," त्या शांतपणे म्हणाल्या. "ते उत्तर मी ज्याला ज्याला सांगितलं तो हसला. तुम्ही एकटेच हसला नाहीत. म्हटलं, यांचं आधीच हसून झालेलं दिसतंय."