चाचांच्या चौदा रायफली

"हाय तसा असू दे," असं म्हणत चाचांनी माझ्या हातातला रुमाल काढून घेतला, त्याची नीट घडी घातली आणि तो माझ्याच शर्टाच्या खिशात परत ठेवला. आमची पहिली भेट ही अशी झाली. समोरच्या रायफलीवर थोडी धूळ दिसली म्हणून मी बिचारा मदत करायला गेलो होतो.

हे वाक्य ते कशालाही लावायचे. चहावर साय आली, मी चमच्याने काढू लागलो, की "असू दे हाय तशी." ड्रायव्हरने गाडीचा दरवाजा चेपवून आणला तरी तेच. त्यांच्या चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली होती आणि गुडघा दर थंडीत सुजायचा. डॉक्टरकडे चला म्हटलं की गुडघ्यालाही तेच उत्तर मिळायचं. असा एखादा म्हातारा तुमच्याही ओळखीत असेल. त्यांच्या हट्टाला आपण हसतो, आणि मग एक दिवस लक्षात येतं की त्या हट्टावर कसलं तरी छप्पर उभं होतं.

चाचा रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठच्या गावचे, होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या घरातले. तरुणपणी कुवेतला आले ते शुवैखच्या एका वर्कशॉपात दारं-खिडक्या करायला. तिथून आमच्या मालकांनी त्यांना रुमैथियाच्या घरी नेलं. मालकांना घरातले नोकर आणि आम्ही कंपनीतले सगळे बाबा म्हणायचो. बाबांना तळघरात रायफली ठेवायला कपाटं हवी होती. कपाटं झाली, पण चाचा परत गेलेच नाहीत. त्या कपाटांची आणि आतल्या मालाची राखण करत ते वीस वर्षं तिथेच राहिले.

माल म्हणजे चौदा रायफली. रशियन सैन्याच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या. बाबांकडे परवाना होता आणि आतले भाग काढून त्या कायमच्या निकामी केलेल्या होत्या. मी शुवैखच्या गोदामात मालाची यादी ठेवणारा माणूस. मला बंदुकीतलं काडीचं कळत नव्हतं. चाचांनीच शिकवलं. युद्ध संपल्यावर त्या देशाने लाखो रायफली परत कारखान्यात नेल्या, धुतल्या, लाकडाला नवं रोगण दिलं, एकीचा खटका दुसरीला बसवला आणि पेट्यांत भरून ठेवल्या. जगात मिळतात त्या बहुतेक तसल्या. बाबांनी अर्धं आयुष्य घालवून ज्या कारखान्यात परत गेल्याच नाहीत अशा चौदा जमवल्या होत्या. लोखंडावर घाईघाईने केलेल्या कामाचे ओरखडे तसेच, लाकडावरचे खड्डे तसेच, आणि प्रत्येक भागावर एकच नंबर.

"मीपण पहिल्या दिवशी पालीस पेपर घेऊनच आलो होतो," चाचा हसून सांगायचे. "म्हटलं, मालक, चार दिवसात आरशागत करून देतो. बाबानं काय केलं? एक बंदूक टेबलावर ठेवली, मला खुर्ची दिली, म्हणाला, बघ. दुपारच्या नमाजापर्यंत बघत बसलो. मग दिसला."

"कोण दिसला?"

"तो."

मग त्यांनी तिसऱ्या कपाटातली रायफल काढली. हातात सुती मोजे, आणि लहान मूल उचलावं तशी दोन्ही हातांनी. दस्त्याच्या डाव्या बाजूला रोगण उडालं होतं आणि आतलं लाकूड काळपट, किंचित तुकतुकीत झालं होतं. चपटा, लांबट डाग, तळहाताएवढा.

"हा त्याचा गाल," चाचा म्हणाले. "नेम धरताना इथं टेकवायचा. रोज. घाम, मळ, दाढीचे खुंट. वर्ष-दोन वर्षं तरी घासला असेल, त्याशिवाय लाकूड असं होत नाय. भाऊ, आमी नुसतं लाकूड सांभाळत नाय."

ती रायफल त्यांची लाडकी. आणखी एकीच्या दस्त्याला लाकडाचा छोटा तुकडा जोडला होता, त्यावर बोट न लावता बोट फिरवत ते म्हणायचे, "हा कोणतरी सुतार. घाईत बसवलाय, पण रेषेला रेष मिळवलीय हरामखोरानं." त्यांच्या तोंडी ही सर्वांत मोठी शाबासकी होती.

कुवेतच्या हवेत जुनं लाकूड सांभाळणं सोपं नाही. बाहेर पन्नास डिग्री, आत एसी, आणि मधूनच धुळीचं वादळ. वादळाची बातमी आली की चाचा तळघराच्या दाराखाली कापडाच्या गुंडाळ्या दाबून बसवायचे. तरी धूळ यायचीच. ती पुसायची नाही. "धूळ म्हंजे बारीक पालीस पेपर. पुसाल तर घासाल." मऊ केसांच्या ब्रशने ते ती एका बाजूने उचलत न्यायचे. एका रायफलीला एक तास. लोखंडाला तेलाचा पुसट हात, लाकडाला काहीही नाही. ज्या माणसाने उभं आयुष्य रंधा मारण्यात काढलं, तो आता हात आवरण्याची नोकरी करत होता. त्यावरून मी त्यांची थट्टा करायचो.

बाबांची तब्येत बिघडली तेव्हा त्यांनी मला बोलावून सगळ्या रायफलींची फोटोंसकट यादी करायला सांगितली. मी चार शनिवार रुमैथियाला गेलो. चाचा सांगायचे, मी लॅपटॉपवर भरायचो. आणि तिथे ती चूक झाली.

आमची कंपनी जुने जनरेटर आणि पंप घेते, दुरुस्त करून विकते. यादीचं सॉफ्टवेअर त्याच धंद्यासाठी केलेलं. त्यात वस्तूच्या स्थितीपुढे दोनच पर्याय: 'तयार' किंवा 'काम बाकी'. एक निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

"काय लिहू चाचा?"

त्यांनी चष्मा सावरला. "तिसरं काय नाय?"

"नाही. दोनातलं एक."

"तयार नको लिवा. तयार म्हंजे चकचकीत. बाबाला वाईट वाटेल." बराच विचार करून ते म्हणाले, "मग दुसरं लिवा. नुसतं लिवायलाच ना?"

"नुसतं सेव्ह व्हायला," मी म्हणालो. चौदा वेळा 'काम बाकी' निवडलं. वेगळी फाईल केली असती तर एक दुपार जास्त गेली असती. तेवढा आळस मला नडला. मला म्हणजे, त्यांना.

बाबा हिवाळ्यात गेले. चाचा तीन दिवस तळघराच्या पायरीवर बसून होते. मोठ्या मुलाने, जो आता कंपनी बघतो, त्यांना आपण होऊन सांगितलं की तुमची नोकरी आहे तशी चालू राहील. मुलगा चांगला आहे, हे मी मुद्दाम सांगतो. चाचांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन गावी करून या म्हणून दोन महिन्यांची रजा आणि तिकीट त्यानेच दिलं. जाताना चाचांनी मला एसीचं तापमान चार वेळा सांगितलं.

बाबांच्या आठवणीत दिवाणियात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीत, वडिलांचा संग्रह लोकांना दाखवायचा असं मुलाच्या मनात आलं. त्याने वर्कशॉपच्या फोरमनला यादी बघायला सांगितली. फोरमनने 'काम बाकी'ची महिन्याची यादी काढली आणि नेहमीप्रमाणे मंजुरीसाठी माझ्याकडे पाठवली. पन्नासेक ओळी होत्या. जनरेटर, पंप, कॉम्प्रेसर, आणि शेवटी त्या चौदा. मी नेहमीप्रमाणे वरची एक ओळ वाचली आणि सगळ्याला मंजुरी दिली. अशा याद्या मी दर महिन्याला मंजूर करतो.

मला कळलं ते आठवड्याने, वर्कशॉपमध्ये दुसऱ्याच कामाला गेलो तेव्हा. भिंतीलगत घोडीवर चौदाच्या चौदा रायफली वाळत ठेवल्या होत्या. लाकूड मधासारखं चमकत होतं, लोखंड निळंकाळं झालं होतं. आमचे कारागीर हुशार आहेत. कामात कुठे नाव ठेवायला जागा नव्हती. फोरमन अभिमानाने म्हणाला, "देखो सर, बिलकुल नया." मी तिसऱ्या कपाटातली शोधू लागलो आणि मला ती ओळखता आली नाही. नंबर बघून ओळखावी लागली.

चाचांना फोन करून सांगायला हवं होतं. मी केला नाही. डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ताण नको, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं कारण भित्रेपणा.

ते परत आले ते खुशीत. "भाऊ, डोळा लख्ख झालाय. तुमच्या डोक्यातले पांढरे केस मोजून देऊ का?" असं म्हणतच ते माझ्यापुढे जिना उतरले. वाटेत सांगायचं मी ठरवलं होतं. जिना फार लवकर संपला.

त्यांनी दिवा लावला. पहिलं कपाट उघडलं, मिटलं. दुसरं उघडलं, मिटलं. तिसऱ्यापाशी ते बराच वेळ थांबले. मग दस्त्याच्या डाव्या बाजूला, जिथे तो डाग होता तिथे, त्यांनी वाकून बघितलं. एका बाजूने बघितलं, मग दुसऱ्या. नव्या डोळ्यातून काहीच सुटत नव्हतं.

"गेला," ते म्हणाले.

घरातलं माणूस गेल्यावर म्हणतात, त्याच आवाजात.

मी सगळं सांगितलं. मंजुरी, पन्नास ओळी, फोन न करणं, सगळं. ते जमिनीवर बसले, पाठ कपाटाला टेकवून. मी रडलो. ते रडले नाहीत. थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी एकटे नाय, भाऊ. 'दुसरं लिवा' मीच बोललो. एवढी वर्षं कुणाला हात लावू दिला नाय, आणि तोंडानं घालवलं."

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मी नव्या मालकांना सांगतो," मी म्हणालो. "चूक कुणाची ते त्यांना कळू दे."

"अजिबात नको." पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "पोरगा खुश हाय. बापाच्या नावानं केलंय त्यानं. आता त्याला सांगायचं, की बापानं जे जन्मभर जपलं ते तू पुसून टाकलंस? बाप गेला त्याला वर्ष पण नाय झालं. काय मिळणार हाय त्याला सांगून? तो परत येणार हाय का?"

हा 'तो' कोण, बाबा की गालाचा डाग ठेवून गेलेला तो सैनिक, हे मी विचारलं नाही. मी गप्प बसलो, आणि आजवर गप्पच आहे. त्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही.

त्यानंतर चाचा रोज वेळेवर तळघरात जायचे, पण करायला काही उरलं नव्हतं. रोगणाच्या लाकडावरची धूळ कुणीही, कशानेही पुसावी. घरातली फिलिपिनो मुलगी फवारा मारून पाच मिनिटांत सगळी कपाटं पुसून जायची. महिन्याभराने त्यांनी मुलाला सांगितलं, वय झालं, आता गावी जातो. त्याने खूप आग्रह केला. चाचांनी ऐकलं नाही. जाऊन आता सहा महिने झाले. मी दोनदा फोन केला. पाऊसपाण्याच्या गोष्टी झाल्या. तिसऱ्यांदा माझ्याच्याने नंबर लावला गेला नाही.

ते जायच्या आधीच्या गुरुवारी ती दिवाणिया झाली. मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजानंतर माणसं जमली. बाबांचे जुने मित्र, नातेवाईक, कंपनीतले आम्ही दहाबारा जण. रायफली भिंतीवर लावल्या होत्या, प्रत्येकीवर छोटा दिवा. कहवा फिरत होता. पाहुणे एकेकीजवळ थांबत होते, मान डोलावत होते. चाचा दाराशी उभे होते, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. मुलाने त्यांना हाताला धरून मधोमध आणलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, आधी अरबीत, मग आमच्यासाठी इंग्लिशमध्ये, की माझ्या वडिलांचा हा ठेवा या माणसाने वीस वर्षं सांभाळला, म्हणून आज तो असा झळकतोय. त्याने चाचांच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

चाचांनी उजवा हात छातीवर ठेवला आणि मान खाली घातली. सगळी बैठक एका सुरात "माशाल्ला, माशाल्ला" म्हणाली. शेजारच्या माणसाने कौतुकाने माझ्याकडे बघितलं, तुमच्या गावाकडचा ना, असं. मग मीही म्हणालो, "माशाल्ला."

माझा आवाज चाचांनी ओळखला. त्यांनी मान वर केली, पण माझ्या बाजूला बघितलं नाही.