चपलांपाशी बसणारा सोपान

बारशाला गेला तरी सोपान उंबरा ओलांडायचा नाही. आत बायका पाळणा म्हणत असत आणि हा गडी अंगणात, चपलांपाशी. कुणी ओढलंच तर म्हणायचा, "कौसाला पाळण्याला हात लावू द्या, मंग येतो आत."

लातूरहून नोकरीला आलो तेव्हा भरे गावात मी त्याचाच भाडेकरू होतो. पिरंगुटजवळच्या फाउंड्रीत तो भट्टीवर, मी स्टोअरमध्ये. घरची मेंढरं त्याचे वडील राखत. कौसाला, म्हणजे त्याच्या बायकोला, दिवस राहायचे पण टिकायचे नाहीत. तीनदा असं झालं. सोपानची तपासणी झाली, तीत सगळं उत्तम निघालं. वडिलांनी ते पारावर अशा थाटात सांगितलं, जणू पोरानं कुस्ती मारली. मग खापर कौसाच्या डोक्यावर फुटलं आणि सासूनं तिला गावातल्या पाळण्यांपासून लांब ठेवलं.

पुण्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी सोपानची आणखी एक तपासणी करायला लावली. निकालाच्या दिवशी मी सोबत होतो. बाई म्हणाल्या, शुक्राणू भरपूर आहेत, पळतातही, पण त्यांच्या आतला डीएनए तुटलेला आहे. पहिल्या तपासणीत ते दिसतच नाही. गर्भ पडतो तो बहुधा यामुळेच. भट्टीची धग आणि तंबाखू, दोन्ही सोडा. परतीच्या एसटीत सोपान खिडकीतून रस्त्याकडेची मेंढरं बघत होता. मग म्हणाला, "कळपातला नर, एडका, दिसाया दांडगा, पर मेंढ्या गाभडत्यात, पोटातलं टाकत्यात. तवा आमी एडका बदलतो, भाऊ. मेंढीला बोल लावत न्हाई."

त्याच संध्याकाळी त्यानं पारावर सगळं सांगून टाकलं. कुणाला पटलं नाही. पहिला रिपोर्ट काय खोटा होता, असं वडिलांनी विचारलं. बायकोला झाकतोय म्हणून लोकांनी उलट त्याचं कौतुकच केलं. मी शपथेवर सांगितलं, तर भाडेकरू मालकाची री ओढतोय असं ठरलं. वाईट याचं वाटतं की कौसालाही ते खरं वाटलं नाही. ती त्याच्या ताटात तूप जास्त वाढू लागली.

सोपाननं तंबाखू सोडली, भट्टी सोडली आणि मेंढरांमागे जाऊ लागला. पुढं कौसाला पुन्हा दिवस राहिले. पाचव्या महिन्यात रक्तस्राव सुरू झाला. जीपनं पुण्याला नेताना वाटेतच ती गेली. मी पुढच्या सीटवर होतो. तिचं शेवटचं बोलणं मला ऐकू आलं, "माजं उणं तुमी अंगावर घेतलं. लई केलंत." तो म्हणत होता, "न्हाई गं, माजंच हाय ते." तिनं नुसती नाही म्हणून मान हलवली.

माझ्या मुलीच्या बारशाला सोपान आला आणि सवयीनं बाहेरच बसला. माझी बायको स्वतः बोलवायला गेली, तरी उठला नाही. शेवटी मीच जाऊन त्याच्याशेजारी बसलो. आत पाळणा सुरू झाला होता. मला रडू आवरेना. तो मात्र समोर बघत सावकाश बोलला, "भाऊ, तिला खरं पटलं असतं, तर येकदा तरी भांडली असती माज्याशी. भांडाया पायजे व्हतं तिनं."